विटांचं चर्च: ट्युडर की व्हिक्टोरियन?

इंग्लंडच्या खेड्यात लाल विटांचं, टोकदार कमानींचं चर्च दिसलं की ते पाचशे वर्षांपूर्वीचं, ट्युडर राजघराण्याच्या काळातलं, की दीडशे वर्षांपूर्वीचं, राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं, यात हमखास गल्लत होते. दोन्हींच्या लाल भिंतीवर गडद विटांची नक्षी असू शकते. आणि उलगडा होतो तो त्या नक्षीतूनच.

इंग्लंडच्या पूर्वेकडच्या एसेक्स परगण्यात बांधकामाचा चांगला दगड मिळत नाही. म्हणून सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे विटांची चर्च उभी राहिली. चिग्नल स्मीली गावात तर बाप्तिस्म्याचं कुंडही विटांचंच. या विटा हातानं थापलेल्या, जेमतेम दोन-सव्वादोन इंच जाडीच्या. एक वीट दुसरीसारखी नाही, त्यामुळे विटांमधले चुन्याचे सांधेही रुंद. भट्टीत आगीलगतच्या विटांची तोंडं काळी-निळी, काचेसारखी चकचकीत होत. गवंडी त्या निवडून लाल भिंतीत तिरप्या चौकटी काढत. जवळ जाऊन पाहिलं तर रेषा कुठे पुसट होते, कुठे चौकट अर्धवटच राहते. माझ्या मते भिंतीचा सगळा जीव या अर्धवटपणात आहे.

व्हिक्टोरियन भिंतीत असं काही आपोआप घडलेलं नसतं. विटांवरचा १७८४चा कर १८५० मध्ये उठला, रेल्वेनं लांबच्या विटाही येऊ लागल्या. त्याच वर्षी लंडनच्या मार्गारेट स्ट्रीटवर वास्तुविशारद विल्यम बटरफील्डच्या ऑल सेंट्स चर्चचं काम सुरू झालं: लाल विटांत काळ्या विटांचे पट्टे आणि नक्षी. (कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या अंतर्भागातही बटरफील्डचा हात आहे, ते चर्च मात्र दगडी.) दुसरा वास्तुविशारद जॉर्ज एडमंड स्ट्रीट उत्तर इटलीतली विटांची जुनी बांधकामं पाहून आला होता. लंडनच्या पश्चिमेला मेडनहेडच्या बॉइन हिलवर १८५४ ते ५७ मध्ये त्यानं बांधलेल्या चर्चमध्ये लाल विटांत फिक्या दगडाचे पट्टे आहेत. हे पट्टे आधी कागदावर आखलेले, म्हणून सरळ आणि एका पातळीत. विटाही एकसारख्या, सांधे बारीक.

खिडक्या मात्र चकवतात. ट्युडर खिडकीची कमान बसकी, रुंद. मधले उभे दांडेही पुष्कळदा विटांचेच, दगडासारखे दिसावेत म्हणून गिलावा केलेले. व्हिक्टोरियन वास्तुविशारदांना तेरा-चौदाव्या शतकाची ओढ, म्हणून त्यांच्या कमानी उंच, छपरं तीव्र उताराची. त्यामुळे नवं चर्चच जुन्याहून जुनं वाटतं. त्यातून एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्त्यांत कित्येक जुन्या खिडक्या बदलल्या गेल्या. तेव्हा काळ ठरवताना आधी भिंत पाहावी, खिडकी नंतर.