दुहेरी दंतविमा

एकाच व्यक्तीच्या दातांच्या उपचाराचा खर्च दोन विमा योजनांत बसत असेल, तर कोणत्या योजनेने आधी पैसे द्यायचे आणि उरलेल्यातले किती दुसरीने उचलायचे, हे ठरवण्याच्या पद्धतीला दुहेरी दंतविम्याचा समन्वय म्हणता येईल. तिच्या मुळाशी नुकसानभरपाईचे तत्त्व आहे: विम्याने खर्च भरून निघावा, कमाई होऊ नये. पॉलिसी कितीही असल्या तरी बिलाच्या वर एक रुपयाही मिळत नाही. आजारपणात ठरावीक रक्कम देणाऱ्या बेनिफिट पॉलिसींना हे बंधन नाही, पण दातांसाठी त्यांचा सहसा उपयोग नसतो.

भारतात निव्वळ दातांचा विमा क्वचितच आढळतो. नेहमीच्या आरोग्य विम्यात अपघातात दात तुटून रुग्णालयात दाखल व्हावे लागले तरच बहुधा खर्च मिळतो. रूट कॅनल, कॅप, कवळी ही कामे दवाखान्यात बसल्याबसल्या होतात, म्हणून ती ओपीडीत, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांत मोडतात. साहजिकच नाशिकमध्ये हा प्रश्न उभा राहतो तो ओपीडीची सोय असलेल्या ग्रुप पॉलिसींमुळे, म्हणजे नोकरीच्या ठिकाणी सर्व कर्मचाऱ्यांसाठी एकत्र काढलेल्या विम्यामुळे. समजा, नवरा अंबडच्या कारखान्यात आणि बायको बँकेत आहे, व दोघांच्याही पॉलिसीत एकमेकांची नावे आहेत. नवऱ्याचे रूट कॅनल आणि कॅपचे बिल झाले 12,000 रुपये. त्याच्या पॉलिसीत दातांची मर्यादा 5,000, बायकोच्या पॉलिसीत 10,000. पहिलीकडून 5,000 घेतले, तर दुसरीकडून उरलेले 7,000 मिळू शकतात. दोन्ही मर्यादांची बेरीज करून 15,000 नाही. शिवाय दुसरी कंपनी स्वतःचा प्रतीक्षा काळ (पॉलिसी घेतल्यावर लाभ सुरू होईपर्यंतची मुदत), स्वतःचा को-पे (बिलातला विमाधारकाने भरायचा वाटा) लावूनच हिशेब करते. कॅपला तिच्याकडे संरक्षणच नसेल, तर तेवढी रक्कम खिशातून जाते.

आधी कुठे जायचे हे भारतात विमाधारक ठरवतो. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार, ज्या कंपनीकडे आधी क्लेम केला तिनेच बाकीच्या रकमेसाठी दुसऱ्या कंपनीशी समन्वय साधायचा आहे. तरी शहाण्याने कागद स्वतः जपावेत. मूळ बिले आणि एक्स-रे पहिल्या कंपनीकडे जातात, आणि दुसरीला लागतात त्यांच्या प्रमाणित प्रती आणि पहिलीचे सेटलमेंट लेटर, म्हणजे तिने किती रक्कम दिली हे सांगणारे पत्र. मूळ बिल एकच आणि मागणारे दोघे, म्हणून देण्याआधी झेरॉक्स काढून ठेवलेली बरी.

राज्य कामगार विमा योजनेचे गणित निराळे. महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार तिच्यात येतात आणि सातपूरला तिचे रुग्णालय आहे. ही योजना पैशांऐवजी सेवा देते. दाढ तिथे फुकट काढून मिळाली, तर बिलच नसते. मग दुसऱ्या पॉलिसीकडे मागायचे काय? पंचवटीतील दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी बिल असते, पण ते खासगी दवाखान्यापेक्षा हलके, त्यामुळे बऱ्याचदा एकाच पॉलिसीत भागते.

अमेरिकेत दातांचा विमा वेगळा घेतला जातो, म्हणून तिथे नोकरीला गेलेल्या नाशिककर जोडप्यांना हा विषय नीट समजून घ्यावा लागतो. तिथे क्रम आपल्या मर्जीवर नसतो. स्वतःच्या नोकरीतली योजना आधी, जोडीदाराची नंतर. आईवडील एकत्र राहत असतील, तर मुलांसाठी साधारणपणे वाढदिवसाचा नियम: ज्याचा वाढदिवस वर्षात आधी येतो, त्याची योजना पहिली. जन्मसाल बघत नाहीत, फक्त महिना आणि तारीख. फेब्रुवारीतल्या आईपुढे नोव्हेंबरातले बाबा दुसरे, वयाने मोठे असले तरी.

तिथली खरी मेख म्हणजे काही योजनांत असलेले 'दुबार लाभ नाही' हे कलम. बिल 1,000 डॉलर, पहिली योजना 50 टक्के म्हणजे 500 देते, आणि दुसरी एरवी 80 टक्के देणारी. हे कलम नसेल तर दुसरी उरलेले 500 भरू शकते. कलम असेल तर ती 800 मधून 500 वजा करून 300 च देते. दोन्ही योजना 50 टक्क्यांच्या असतील, तर दुसरीकडून शून्य, आणि तिचा हप्ता मात्र पगारातून कापला जातोच.