पार्श्वभूमी : ‘ओल्ड हॅट’ आणि फेल्टची टोपी

एखादा विषय घासून गुळगुळीत झाला, त्यातली नवलाई संपली, की इंग्रजीत ‘दॅट्स ओल्ड हॅट’ म्हणतात. या अर्थाचं कोशांत दिलं जाणारं सर्वांत जुनं उदाहरण 1911चं, कॉर्नवॉलचे लेखक आर्थर क्विलर-कूच यांच्या कादंबरीतलं. म्हणजे वाक्प्रचार तसा तरुणच.

शब्दजोडी मात्र जुनी, आणि चारचौघांत न सांगण्याजोगी. फ्रान्सिस ग्रोस यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बाजारू इंग्रजीचा कोश काढला. त्यात ‘ओल्ड हॅट’चा अर्थ स्त्रीचं गुप्तांग असा आहे आणि कारण दिलंय ‘फ्रीक्वेंटली फेल्ट’. फेल्ट म्हणजे हात लावलेलं, आणि टोपीचं कापडही. असा तो चावट श्लेष. आजचा अर्थ त्यातूनच आला असं बेधडक सांगणारे भेटतात. पण मध्ये शंभराहून जास्त वर्षं आहेत, तेव्हा तो सांधा जुळवण्याच्या फंदात न पडलेलं बरं.

श्लेष कळायला टोपी कशी बने ते पाहावं. बीव्हर या केसाळ प्राण्याच्या कातड्यावरचे राठ केस उपटून खालची मऊ लव घेत. नायट्रिक आम्लात पारा विरघळवून ते पाणी लवेला लावलं की तंतू एकमेकांत चांगले अडकत. मग आपल्याकडच्या पिंजाऱ्याच्या धनुकलीसारख्याच धनुष्याने लव पिंजायची, तिचा हव्या त्या मापापेक्षा कितीतरी मोठा शंकू करायचा आणि आम्ल घातलेल्या कढत पाण्यात बुडवून लाटत-लाटत तो आटवायचा. शेवटी लाकडी ठोकळ्यावर आकार, सरस किंवा लाखेचा ताठरपणा, आणि काळा रंग.

माल महागडाच. ब्रिटनमध्ये 1784 ते 1811 टोप्यांवर कर होता. 12 शिलिंगांवरच्या टोपीला 2 शिलिंग, आणि त्याचा शिक्का आतल्या अस्तरावर.

अशी टोपी जुनी होते ती ठरलेल्या जागी. भेटेल त्याला टोपी उचलून अभिवादन करायचं, म्हणून पुढच्या काठावर बोटांनी लव झडते. पावसात सरस सैल पडून काठ लोंबतो. लॉगवुड झाडाच्या लाकडाचा अर्क आणि लोहक्षार यांचा काळा रंग उन्हाने गंजल्यासारखा तपकिरी दिसू लागतो. वाफ देऊन आकार परत येतो, रंगही चढवता येतो. झडलेली लव येत नाही.

हा वाक्प्रचार वापरताना दोन चुका हमखास होतात. या अर्थाने ‘ॲन ओल्ड हॅट’ किंवा ‘ओल्ड हॅट्स’ म्हणत नाहीत. अनेकवचनी कर्त्यापुढेही ‘दीज जोक्स आर ओल्ड हॅट’च. आणि तो ‘ओल्ड फॅशन्ड’चा पर्याय नव्हे. आजोबांचं घड्याळ ओल्ड फॅशन्ड. दोन वर्षांपूर्वीचं, सगळ्यांनी वापरून झालेलं ॲप ओल्ड हॅट.