पॅकेज रोखून धरण्याची सोय: पार्श्वभूमी

कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून निघालेलं कास्टिंग मशिनिंगला जातं. तिथलं एखादं यंत्र लिनक्ससीएनसीवर (यंत्राच्या हालचाली चालवणाऱ्या लिनक्स प्रोग्रॅमवर) चालत असेल, तर त्या कॉम्प्युटरचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कुणालाही न विचारता बदलणं परवडत नाही. मोटरला जाणारे पल्स ठरलेल्या क्षणी सुटावे लागतात आणि त्यासाठी रिअल-टाइम कर्नल लागतो. आरटीएआयसारखे रिअल-टाइम मोड्यूल (कर्नलला जोडायचे भाग) तर त्या एकाच कर्नलसाठी बांधलेले असतात. अशा ठिकाणी अपडेट रोखणं म्हणजे हलगर्जीपणा नव्हे, ती यंत्राची देखभालच आहे.

ही गरज डेबियन या लिनक्सच्या वितरणाने फार लवकर ओळखली. 1993 मध्ये इयन मर्डॉक यांनी प्रकल्प सुरू केला आणि त्यातल्या डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या साधनात प्रत्येक पॅकेजच्या (बसवायच्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याच्या; कर्नलही त्यातलाच) नोंदीत ‘होल्ड’ ही अवस्था आली. डीसिलेक्ट या पॅकेज निवडायच्या प्रोग्रॅमच्या यादीत पॅकेजवर जाऊन बरोबरचं चिन्ह (=) दाबलं की ते आहे तिथेच थांबायचं. तेव्हा अपग्रेड करायला माणूसच बसलेला असे, त्यामुळे एवढं पुरत होतं.

1999 मध्ये डेबियन 2.1 सोबत पॅकेज आपणहून आणून बसवणारं एपीटी आलं आणि एका आज्ञेत सगळी सिस्टिम बदलू लागली. त्यापाठोपाठ 2002 च्या डेबियन 3.0 मध्ये पिनिंग मिळालं: एका फाइलमध्ये आवृत्तीला प्राधान्याचा अंक द्यायचा. उणे अंक दिला तर ती बसतच नाही, आणि 1000 च्या वर दिला तर मागची आवृत्तीही परत बसते. ‘एपीटी-मार्क होल्ड’ ही सुटसुटीत आज्ञा त्यानंतरची.

रेड हॅट या दुसऱ्या वितरणाच्या बाजूला यम या पॅकेज साधनात ‘एक्स्क्लूड’ची (वगळायच्या पॅकेजची) ओळ आणि आवृत्ती गोठवणारं व्हर्जनलॉक प्लगइन होतं, ते पुढे यमच्या जागी आलेल्या डीएनएफमध्ये आलं. आर्च या वितरणात पॅकेज वगळायला ‘इग्नोरपीकेजी’ आहे, पण तिथे सगळ्या लायब्रऱ्या एकत्र पुढे सरकतात, म्हणून अर्धवट अपग्रेडला आर्चवाले पाठिंबा देत नाहीत. ते योग्यच आहे.

डेबियनवर आधारलेल्या उबुंटूत 16.04 या आवृत्तीपासून सुरक्षा अपडेट रोज आपोआप बसू लागले. स्नॅप या उबुंटूच्याच दुसऱ्या पॅकेज पद्धतीत तर बरीच वर्षं अपडेट फक्त लांबवता येत होतं. बेमुदत होल्ड 2022 च्या अखेरीस मिळाला.

होल्ड केलेल्या पॅकेजला सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत. म्हणून ते का थांबवलं याची नोंद हवी, आणि त्यासाठी मला पिनची फाइल जास्त पटते. होल्डची यादी देणारी ‘शोहोल्ड’ आज्ञा फक्त नावं दाखवते, तर पिनच्या फाइलमध्ये ‘एक्सप्लनेशन’ची (खुलाशाची) ओळ लिहिता येते: हा कर्नल कुणी, कोणत्या यंत्रासाठी थांबवला. वर्कशॉपमधला माणूस बदलला, तरी पुढच्याला ते वाचता येतं.