कोकेन, चुना आणि आतून लागणारी कडी

विमानतळावर कोकेन पकडल्याची बातमी आली की एक प्रश्न हमखास निघतो: असलं विष जगात ठेवायचंच कशाला, सरसकट बंदी का घालत नाहीत? भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचं आठवं कलम कोकेन बनवायला, बाळगायला, विकायला आणि वापरायला मनाई करतं, पण वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणांपुरती वाट मोकळी ठेवतं. ही वाट उगाच ठेवलेली नाही. जागा बधिर करणारं पहिलं औषध कोकेन होतं, आणि नाकाच्या काही शस्त्रक्रियांत अमेरिका-इंग्लंडमधले डॉक्टर ते आजही वापरतात. लिग्नोकेन, प्रोकेन, बुपिवाकेन या नावांतलं 'केन' हे शेपूट कोकेनवरूनच आलं. मात्र या धाकट्या भावंडांना नशा नाही. दाढ काढताना दिलेल्या लिग्नोकेनने व्यसन लागेल ही भीती पूर्ण निराधार आहे.

जर्मनीत अल्बर्ट नीमान यांनी १८६० च्या सुमारास कोकाच्या पानांतून कोकेन वेगळं केलं आणि जिभेला लावल्यावर जीभ बधिर होते, अशी नोंदही केली. या गुणाचा शस्त्रक्रियेसाठी उपयोग होईल हे ध्यानात यायला मात्र १८८४ उजाडलं. व्हिएन्नातले तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी आधी बेडकाच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यात कोकेनचं द्रावण टाकलं आणि बुबुळाला टाचणी टेकवून पाहिली. काहीच जाणवलं नाही. सप्टेंबरमध्ये हायडेलबर्गला नेत्रतज्ज्ञांची परिषद होती, पण प्रवासाचे पैसे नसल्याने कोलर यांचा निबंध योझेफ ब्रेटाउअर यांनी वाचला. काही महिन्यांत ही पद्धत जगभर पसरली. त्याच काळात कोकाची वाइन, कोकाची टॉनिकं, लहान मुलांच्या दातदुखीचे कोकेनचे थेंब दुकानांत उघड विकले जात होते. 'वनस्पतीजन्य आहे, अपाय नाही' असं आजही ऐकू येतं. कोकाचं पान शंभर टक्के वनस्पतीजन्यच आहे.

आता मुख्य गोष्ट, हे औषध चेतातंतूला गप्प कसं करतं. विश्रांतीत चेतातंतूच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. संदेश निघाला की तंतूच्या पटलातली, म्हणजे पातळ आवरणातली, सोडियमची दारं क्षणभर उघडतात, बाहेरचे सोडियम आयन आत घुसतात, त्या धक्क्याने शेजारची दारं उघडतात, आणि ही लाट मेंदूपर्यंत जाते. दारं उघडलीच नाहीत तर टाचणी टोचली जाते, पण तिची खबर पोहोचत नाही.

कोकेन आणि त्याची भावंडं हीच दारं बंद करतात, पण बाहेरून नाही. कडी आतल्या बाजूला आहे. १९७० च्या सुमारास स्क्विड या सागरी जीवाच्या जाडजूड चेतातंतूवर हे दाखवलं गेलं. लिग्नोकेनच्या रेणूवर कायमचा धनप्रभार बसवून तो तंतूच्या बाहेर सोडला तर फारसं काही होत नव्हतं, तंतूच्या आत सोडला तर संदेश बंद.

म्हणजे रेणूला दोन कामं करायची आहेत आणि त्यांच्या गरजा परस्परविरुद्ध आहेत. पटल मेदाचं आहे, त्यातून पार व्हायला रेणू प्रभाररहित हवा. आत जाऊन कडी लावायला तोच रेणू प्रभारित असलेला चांगला. हे जमतं, कारण ही औषधं सौम्य आम्लारी आहेत. भोवतालच्या सामूनुसार (सामू म्हणजे pH; तो जितका कमी तितकं द्रावण जास्त आम्लधर्मी) ती हायड्रोजन आयन उचलतात किंवा सोडून देतात. प्रत्येक औषधाचा एक ठरावीक सामू असतो, ज्यावर त्याचे निम्मे रेणू प्रभारित आणि निम्मे मोकळे असतात. लिग्नोकेनचा तो सुमारे ७.९ आहे, कोकेनचा ८.६ च्या आसपास. शरीराचा सामू ७.४. हिशेब केला तर शंभरांतले लिग्नोकेनचे २४ रेणू मोकळे सापडतात, कोकेनचे फक्त ६. मोकळे रेणू पटलातून आत शिरतात, तिथे हायड्रोजन आयन उचलतात, प्रभारित होतात आणि दारात जाऊन बसतात. बाहेर मोकळ्या रेणूंची संख्या घटली की उरलेल्यांतले काही प्रभार टाकतात आणि तेही आत जातात.

हे एकदा समजलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातली माणसं कोकाचं पान चघळताना त्याबरोबर चुना किंवा राख घेतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत कोकेन पानातून खाल्लं जाई, तिथेही चुना होताच. चुन्याने तोंडातला सामू वाढतो, मोकळे रेणू वाढतात, औषध गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने शोषलं जातं.

नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी इंग्लंडमध्ये १९४० च्या दशकात मॉफेट या डॉक्टरांनी तयार केलेल्या द्रावणात हेच तत्त्व दिसतं. ८ टक्के कोकेन २ मिली, १ टक्का खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, २ मिली, आणि एक हजारात एक या प्रमाणाचं, रक्तवाहिन्या आवळणारं अॅड्रेनॅलिन १ मिली. यातला सोडा चुन्याचंच काम करतो.

दाढेच्या मुळाशी पू झाला असेल तर इंजेक्शन देऊनही दुखतं. मग 'दारू पिणाऱ्याला भूल चढत नाही' किंवा 'पाण्याचं इंजेक्शन दिलं' अशी बोलणी होतात. पुवाच्या जागी सामू ६.४ पर्यंत उतरला, तर लिग्नोकेनचे मोकळे रेणू शंभरांत तीनच उरतात. शिवाय सूज आलेल्या जागी रक्तपुरवठा जास्त असल्याने औषध लवकर वाहून जातं, आणि तिथले चेतातंतूही अधिक संवेदनशील झालेले असतात. म्हणून अनुभवी दंतवैद्य पुवात सुई न घालता मूळ चेतातंतू दूरवर गाठून तिथे बधिर करतो.

इंजेक्शन देताना होणाऱ्या जळजळीमागेही सामूच आहे. लिग्नोकेनमध्ये मिसळलेलं अॅड्रेनॅलिन टिकावं म्हणून बाटलीतलं मिश्रण आम्लधर्मी, सामू ४ च्या आसपास ठेवतात. त्या सामूला लिग्नोकेनचा आठ हजारांत जेमतेम एक रेणू मोकळा असतो. १० मिली लिग्नोकेनमध्ये ८.४ टक्के सोडा १ मिली मिसळला तर जळजळ घटते आणि बधिरपणा लवकर येतो. सोडा जास्त पडला तर औषध द्रावणातून बाहेर पडून गढूळ होतं, बुपिवाकेनच्या बाबतीत तर थोड्या सोड्यानेही. गढूळ झालेलं द्रावण वापरायचं नाही, टाकून द्यायचं.

लिग्नोकेन एवढं सोयीचं असताना नाकात कोकेन का टिकलं? कारण ते रक्तवाहिन्या आकसवतं, आणि हे काम वेगळ्याच मार्गाने होतं. चेतातंतूच्या टोकातून बाहेर पडलेलं नॉरअॅड्रेनॅलिन, म्हणजे रक्तवाहिन्यांना आकसायचा निरोप देणारं रसायन, परत आत ओढून घेणारे पंप कोकेन बंद पाडतं. नॉरअॅड्रेनॅलिन साचतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, नाकातली सुजलेली त्वचा आकसून पांढुरकी पडते. दुर्बिणीतून सायनसची शस्त्रक्रिया करताना रक्ताचा एक थेंबही भिंगावर आला तर पुढचं दिसत नाही, त्यामुळे ही आवळण सर्जनला सोन्यासारखी वाटते. लिग्नोकेन उलट रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणून त्यात अॅड्रेनॅलिन घालावं लागतं. भारतातले कान-नाक-घसातज्ज्ञ सर्वसाधारणपणे हेच वापरतात: ४ टक्के लिग्नोकेन आणि अॅड्रेनॅलिन यांत भिजवून, घट्ट पिळून घेतलेल्या पट्ट्या नाकात दहा-पंधरा मिनिटं ठेवायच्या.

पिळून घेणं महत्त्वाचं आहे, कारण नाकाच्या आतल्या त्वचेतून औषध फार लवकर रक्तात जातं. ४ टक्के म्हणजे दर मिलीला ४० मिलिग्रॅम; टक्केवारीला दहाने गुणायचं. अॅड्रेनॅलिनशिवाय लिग्नोकेनची कमाल मर्यादा दर किलो वजनाला सुमारे ४.५ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला २७० मिलिग्रॅम. ४ टक्के द्रावणाचे ते ७ मिलीही भरत नाहीत. कोकेनची मर्यादा नाकात दर किलोला १.५ ते ३ मिलिग्रॅम, आणि मॉफेट यांच्या मिश्रणात एकूण १६० मिलिग्रॅम असतं. मात्रा जास्त झाली की ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुंजन, मग झटके येतात. लिग्नोकेन, बुपिवाकेनच्या अतिमात्रेवर २० टक्के मेदयुक्त द्रावण शिरेतून, दर किलोला १.५ मिली, झपाट्याने देतात. कोकेनचा धोका निराळा आहे. ते हृदयाच्या रक्तवाहिन्याही आवळतं, आणि त्याच्यासोबत अॅड्रेनॅलिन असेल तर हृदयाचे ठोके बेताल होऊ शकतात. हृदयविकाराच्या किंवा उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला म्हणून ते टाळतात. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत ते केव्हाच बंद झालं, कारण बुबुळावरचा पारदर्शक पडदा त्याने गढूळ होतो.

जिथे ते वापरतात तिथे ते कुलपात राहतं, नोंदवहीत मिलिग्रॅममध्ये लिहिलं जातं, आणि उरलेलं दुसऱ्या माणसाच्या सहीने नष्ट केलं जातं. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस रुग्णाच्या लघवीत कोकेनचे अवशेष सापडू शकतात, त्यामुळे नोकरीत अमली पदार्थांची तपासणी होत असेल तर रुग्णाने शस्त्रक्रियेची चिठ्ठी जवळ ठेवावी.