राजारामपुरीतला पॉमेरियन म्युनिकमध्ये रुळताना

कुत्रा घर ओळखतो ते वासावरून आणि वेळेवरून. त्यामुळे जर्मनीला निघालेल्या कुटुंबानं त्याला नव्या घराची सवय लावायला कोल्हापुरातच सुरुवात करावी.

वेळ हाताशी असतोच, कारण कागदांनाच साधारण पाच महिने जातात. आधी कातडीखाली बसवायची १५ अंकी ओळखीची मायक्रोचिप, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना. त्यात रेबीजविरुद्धची प्रतिपिंडं मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक तरी भरावी लागतात. नमुना घेतल्यापासून पुढं ३ महिने थांबायचं. चिप बसवण्याआधी टोचलेली लस युरोपीय संघ धरत नाही. मग सगळं पहिल्यापासून.

या काळात खाणं बदला. मांस किंवा दूध असलेलं खाद्य सामानातून तिकडं नेता येत नाही. म्हणून तिथं मिळणारंच कोरडं खाद्य इथं लावा: तीन दिवस पाव हिस्सा नवं, तीन दिवस निम्मं, तीन दिवस पाऊण, दहाव्या दिवशी पूर्ण. दूध-चपातीवरून एकदम उडी मारली की आतड्यातले जिवाणू बावचळतात, जुलाब लागतात, आणि तीन किलोच्या जिवाच्या अंगातलं पाणी बघता बघता कमी होतं.

प्रवासाची पेटी महिनाभर आधी घरात उघडी ठेवून त्यातच जेवण द्या. आत जुन्या लुगड्याची वाकळ अंथरा आणि ती मुळीच धुऊ नका. परक्या खोलीत तो आधी सगळे कोपरे हुंगेल, मग वाकळीवर दोन गिरक्या घेऊन शेपटीत नाक खुपसून निजेल. विमानासाठी गुंगीचं औषध मात्र नको; रक्तदाब उतरतो, तोल जातो.

हिवाळ्यात जर्मनी साडेचार तास मागं असते. इथं सकाळी सातला जेवणारा कुत्रा तिथं रात्री अडीचला ताटलीपाशी उभा राहतो. तेव्हा लगेच वाढू नका. रोज अर्धा तास पुढं ढकललं तर नऊ दिवसांत घड्याळ बसतं.

सगळ्यात मोठी चूक एकटं ठेवण्यात होते. पहिले पंधरा दिवस कुणीतरी सतत जवळ, आणि सोळाव्या दिवशी घर एकदम आठ तास रिकामं! रस्त्यावरच्या हॉर्नची सवय असलेल्या कानांना त्या शांत इमारतीत लिफ्टचा आवाजही दचकवतो. पहिल्याच दिवशी अर्धा मिनिट बाहेर जा, मग दोन, पाच, दहा मिनिटं. तो रडायच्या आत परत या. रडला तर आधीची वेळ पुन्हा घ्या.

पॉमेरियनची श्वासनलिका नाजूक असते, म्हणून गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरा. बर्फाच्या दिवसांत रस्त्यावर मीठ टाकतात. फिरून आल्यावर पंजे कोमट पाण्यानं धुऊन बोटांमधली जागा कोरडी करा.

आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, की कुत्रा भारतातून आलाय. आपल्याकडची तपकिरी गोचीड एर्लिकिया पसरवते. हा आजार महिनोन्‌महिने दबून राहतो आणि नंतर फिकट हिरड्या, ताप किंवा नाकातून रक्त अशा रूपात वर येतो. रक्तातल्या प्लेटलेट मोजायला आणि एर्लिकियाची तपासणी करायला आपणहून सांगा.