साइट उघडत नाही, पण बंद कुणी केली?

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला, तो इथंच सोलापुरात एका अभ्यासिकेत एमपीएससीचा अभ्यास करतो (अभ्यासिकेचं नाव नको, माणसं चांगली आहेत), म्हणला मामा, हे राजकीय बातम्यांचं पोर्टल इथल्या वायफायवर उघडतच नाय, सरकारनं बंद केलंय का, बघा की. मी म्हणलं जिन्यात जा अन् मोबाइल डेटावर उघड. उघडलं. आत येऊन परत वायफाय लावलं तर परत नुसतं गोल गोल फिरतंय. पाटी नाही, मेसेज नाही, काही नाही. त्याला फोनवर सगळं सांगत बसलो तर अर्धा तास गेला, म्हणून म्हणलं लिहूनच काढावं, कारण हा सगळा घोळ एका दिवसात झालेला नाही.

बंदी म्हणजे काय ते सोलापूरला कुणी शिकवायला नको. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली अन् शहर पेटलं, १२ मेला मार्शल लॉ लागला तो थेट ३० जूनपर्यंत. गांधी टोपी घातली म्हणून लोकांना शिक्षा झाल्यात इथं. पुढे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिली, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, त्यातले कुर्बान हुसेन स्वतः ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवायचे. आज आपण त्या चौघांच्या पुतळ्यांच्या चौकातून रोज गाडी काढतो अन् पुण्याला जायला हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट काढतो. पण तेव्हाची एक गोष्ट होती, बंदी कोण घालतंय ते पोराठोरांना पण माहीत होतं. इंटरनेटवरच्या बंदीत नेमकं तेच कळत नाही, अन् माझं सगळं म्हणणं तेवढंच आहे.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगम म्हणजे व्हीएसएनएलकडून, आणि तेव्हा सगळी पाइपलाइन त्यांच्याच हातात. राजकीय म्हणावी अशी पहिली गाजलेली बंदी आली १९९९ मध्ये, कारगिल चालू असताना, पाकिस्तानच्या ‘डॉन’ पेपरची साइट इकडून उघडेनाशी झाली. गंमत म्हणजे साइट बंद करा असं सांगणारा धड कायदाच तेव्हा नव्हता, आयटी कायदा आला २००० मध्ये. हाताशी होता तो १८८५ चा टेलिग्राफ कायदा, तारा अडवायच्या जमान्यातला. लोकांनी काय केलं, दुसऱ्या साइटच्या आडून डॉन वाचलं. म्हणजे आज पोरं व्हीपीएन लावतात ते काय नवीन नाही.

२००३ मध्ये मेघालयातल्या एका बंदी घातलेल्या संघटनेचा ‘किनहुन’ नावाचा याहू ग्रुप (ईमेलवर चालणारा गप्पांचा कट्टा) बंद करायचा हुकूम निघाला. ग्रुप एकच, इनमिन थोडी माणसं त्याच्यात. पण कंपन्यांना तेवढा एकच ग्रुप अडवता येईना, मग त्यांनी अख्खं याहू ग्रुप्सच बंद केलं, देशभर, लग्न जुळवणाऱ्यांचे, जुन्या कॉलेजवाल्यांचे, सगळ्यांचे ग्रुप त्याच्यात गेले. उंदरासाठी घर पाडलं म्हणतात तसं.

अन् तीन वर्षांनी परत तेच! ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले आणि त्याच आठवड्यात टेलिकॉम खात्यानं काही साइट अन् ब्लॉग बंद करायचं पत्र कंपन्यांना धाडलं. यादी वीसच्या आतली. पण ब्लॉगस्पॉट, टाइपपॅड, जिओसिटीज, म्हणजे लोक जिथं आपापले ब्लॉग अन् साइट ठेवायचे ते सगळे अड्डेच काही दिवस सरसकट गायब. मी तेव्हा नवी पेठेतल्या एका कॅफेत तासावर बसायचो, मराठीत नुकतं कुठं युनिकोडमध्ये लिहायला लागले होते लोक अन् बरेचसे ब्लॉगस्पॉटवरच, उघडायला गेलो तर काहीच येईना, कॅफेवाला म्हणतो मॉडेम गरम झालाय थांबा जरा. आम्ही थांबलो पण! दोन दिवसांनी पेपरात वाचल्यावर कळलं. आणि याच्यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट अशी की, त्याच वर्षी आधी पाकिस्ताननं पण ब्लॉगस्पॉट बंद केलेलं, तिथल्या पोरांनी त्यावर ‘पीकेब्लॉग्ज’ नावाचा आडवाटेचा रस्ता काढला होता, जुलैत भारतातली माणसं त्याच पाकिस्तानी रस्त्यानं आपापले ब्लॉग वाचत होती.

तिकडे अमेरिकेत याच्या महिनाभर आधी, जून २००६ मध्ये, केंटकी राज्यात वेगळाच प्रकार. गव्हर्नर फ्लेचर यांच्यावर नोकरभरतीच्या घोटाळ्यात आरोपपत्र लागलेलं, त्यांच्यावर टीका करणारा एक राजकीय ब्लॉग होता, त्या ब्लॉगवाल्याचं म्हणणं न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलं अन् दुसऱ्या दिवसापासून राज्य सरकारच्या कॉम्प्युटरवर तो ब्लॉग उघडेना. सरकार म्हणे कर्मचारी कामाच्या वेळात ब्लॉग वाचतात म्हणून सगळेच ब्लॉग अडवलेत. हे मुद्दाम सांगतोय, कारण इथं देशभर बंदी नव्हती, घरी बसून कुणीही वाचू शकत होतं, बंद होतं ते फक्त सरकारी नेटवर्कवर. भाच्याच्या अभ्यासिकेची जात हीच.

आपल्याकडं आयटी कायद्यात दुरुस्ती होऊन साइट बंद करायचा अधिकार सरकारला देणारं कलम ६९ए आलं, ते लागू झालं २७ ऑक्टोबर २००९ ला, सोबत ब्लॉकिंगचे नियम. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, परदेशांशी संबंध वगैरे कारणं त्याच्यात दिलीत. कागदावर पद्धत चांगली आहे हो, खात्याचा अधिकारी मागणी करणार, गृह, कायदा, माहिती प्रसारण यांच्या माणसांची समिती बसणार, साइटवाला सापडला तर त्याला ४८ तासांची नोटीस, मग आयटी सचिवाची मंजुरी. पण नियम ९ म्हणतो घाईचं असेल तर आधी बंद करा, समिती नंतर. आणि नियम १६ म्हणतो हे सगळं गुप्त ठेवा. गाडी अडते ती या नियम १६ वर. मार्च २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं श्रेया सिंघल खटल्यात, नेटवर आक्षेपार्ह लिहिलं म्हणून आत टाकणारं कलम ६६ए उडवलं म्हणून सगळ्यांनी पेढे वाटले, त्याच निकालात ६९ए मात्र कायम राहिलं, हे फार कमी लोकांच्या लक्षात आहे.

आकडे संसदेत सरकारनंच दिलेत. २०१४ मध्ये ४७१ लिंक बंद, २०२० मध्ये ९,८४९. याच्यात सोशल मीडियावरच्या पोस्टी, अकाउंट पण धरलेत, अन् सगळंच काही राजकीय नाही, खलिस्तानवाल्यांच्या ४० साइट त्याच वर्षी गेल्या त्याबद्दल कुणी रडलं नाही. पण त्याच वर्षी जुलैमध्ये पर्यावरणाच्या नवीन मसुद्यावर लोकांना सरकारला ईमेल करायला लावणाऱ्या पोरांच्या साइट पण बंद पडल्या. काश्मीरमध्ये तर उलटंच केलं होतं, जानेवारी २०२० मध्ये नेट परत चालू करताना काय बंद ते सांगायच्या ऐवजी काय चालू त्याची यादी काढली, २४ जानेवारीच्या यादीत ३०१ साइट. बाकी अख्खं जग बंद. अलीकडचं बघायचं तर फेब्रुवारी २०२५ मध्ये तमिळ ‘विकटन’ची साइट पंतप्रधानांवरच्या एका व्यंगचित्रावरून अडकली, मद्रास हायकोर्टानं मार्चमध्ये सांगितलं चित्र काढा अन् साइट सोडा. एका चित्रासाठी अख्खी साइट, म्हणजे याहू ग्रुपपासून काय बदललं बघा.

आता हे अडवतात कसं. जुनी पद्धत म्हणजे रिक्षावाल्याला पत्ता विचारला अन् तो म्हणतो असा पत्ताच नाही, नाहीतर भलतीकडंच नेऊन सोडतो. साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला डीएनएस म्हणतात, म्हणून ही डीएनएसची गडबड. दुसरी, साध्या एचटीटीपी साइटला मध्येच अडवून पाटी दाखवायची, टेलिकॉम खात्याच्या आदेशानं बंद आहे अशी, ती पाटी आपण सगळ्यांनी कधी ना कधी बघितलीय. पण साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूप लावलेल्या कनेक्शनवर गेल्या तशी मजकूर दिसायची सोय संपली, मग पाकिटावरचं साइटचं नाव तेवढं वाचून पाकीटच फाडायचं असं सुरू झालं, एसएनआय म्हणतात त्याला. याच्यात पाटी दाखवताच येत नाही, कनेक्शन तुटतं बस. म्हणून पूर्वी निदान ‘बंद आहे’ कळायचं, आता नेट स्लो आहे का बंदी आहे ते पण कळत नाही. त्यात एका सिमवर बंद तर दुसऱ्यावर चालू असं पण सर्रास असतं.

सार्वजनिक नेटवर याच्या वर अजून एक थर चढतो. २००८ मध्ये दुसऱ्याच्या उघड्या वायफायवरून दहशतवाद्यांनी ईमेल पाठवले, त्यानंतर २००९ मध्ये टेलिकॉम खात्यानं वायफायवाल्यांना माणसाची ओळख पटवायला लावली, स्टेशनवर ओटीपी मागतात ते त्याच्यामुळं. २०११ च्या सायबर कॅफे नियमांत तर पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको अन् कुणी काय बघितलं त्याची नोंद वर्षभर ठेवा इथपर्यंत लिहिलंय. मग जागेचा मालक काय करणार, डोक्याला ताप नको म्हणून फायरवॉल, म्हणजे नको त्या साइट अडवणारा डबा बसवतो. त्या डब्यात आयत्या कॅटेगरी असतात, जुगार, पॉर्न, गेम, आणि बऱ्याच डब्यांत ‘राजकीय संघटना’ अशी पण एक. टिक मारली की झालं. इथं ना समिती, ना सचिव, ना ६९ए.

म्हणून भाच्याला म्हणलं आधी चालकांना विचार. ते म्हणले मी काय केलं नाय बाबा, नेटवालं पोरगं डबा बसवून गेलंय तसंच आहे. पोरग्याला फोन लावला तर तो आता पुण्यात हिंजवडीला. त्यानं तिकडून लॉगिन करून स्क्रीनशॉट पाठवला व्हॉट्सअ‍ॅपवर, खालपर्यंत सगळ्याच टिका मारलेल्या, गेमच्या खाली राजकारण पण. पोरं गेम खेळतात म्हणून सरांनी सगळं बंद कर म्हणलं होतं, मी सगळं केलं, असं त्याचं उत्तर. पासवर्ड त्याच्याकडंच आहे अन् फोनवर सांगायला तयार नाही, सिक्युरिटी म्हणे. रविवारी हुतात्मानं येतोय, तेव्हा काढतो म्हणला.