कम्युनिटी कॉलेजची फी आणि फॅफ्साचा फॉर्म : न्यूजर्सीतल्या मराठी घरांसाठी

‘आमचं उत्पन्न जास्त, आम्हाला कोण देणार?’ म्हणून कॉलेजच्या आर्थिक मदतीचा फॅफ्सा अर्ज न भरणारी घरं एडिसनपासून वेस्ट विंडसरपर्यंत बरीच आहेत. ‘आम्ही अजून एच-१बीवर, आमचा काय संबंध?’ म्हणणारीही कमी नाहीत. काउंटी कॉलेजात (म्हणजे आपल्या काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात) दोन वर्षं काढून मग रटगर्स विद्यापीठात जायचा बेत असेल, तर आधी हे दोन्ही समज बाजूला ठेवा.

फॅफ्सा हा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा आर्थिक मदतीचा अर्ज. तो फुकट आहे. भरून देण्याचे पैसे मागणाऱ्यांपासून लांबच राहा. केंद्राची मदत, राज्याची मदत आणि बऱ्याचदा कॉलेजची स्वतःची मदतही याच एका अर्जावर ठरते.

पात्रता ठरते ती विद्यार्थ्याच्या दर्जावरून, आईवडिलांच्या व्हिसावरून नाही. मुलगी अमेरिकेत जन्मलेली असेल आणि आईवडील एच-१बीवर असतील, तरी ती नागरिक म्हणून पूर्ण पात्र. ग्रीन कार्ड असलेला विद्यार्थीही पात्र. एच-४ (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) किंवा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असलेल्याला मात्र केंद्राची मदत मिळत नाही, मग तो इथे पहिलीपासून शिकलेला का असेना. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलेल्या आपल्या घरांत इथे जन्मलेल्या एका मुलाला सगळं आणि भारतात जन्मलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीला काहीच नाही, असं होतं ते यामुळे. नियम म्हणून हा मला अन्यायाचाच वाटतो.

अर्ज दरवर्षी नव्याने भरायचा. सर्वसाधारणपणे १ ऑक्टोबरच्या सुमारास पुढच्या शैक्षणिक वर्षाचा अर्ज खुला होतो आणि उत्पन्न दोन वर्षं मागचं धरतात. म्हणजे २०२६-२७ साठी २०२४ चं टॅक्स रिटर्न. विद्यार्थ्याने आणि पालकाने स्टुडंटएड डॉट जीओव्हीवर आपापलं वेगळं खातं काढायचं. आईवडील एकत्र टॅक्स भरत असतील तर दोघांपैकी एकानेच खातं काढलं तरी चालतं, वेगवेगळं भरत असतील तर दोघांनी. एकत्र भरणाऱ्यांनी सोशल सिक्युरिटी नंबर असलेल्याला पुढे करावं. हा नंबर नसलेल्या पालकालाही खातं काढता येतं, पण त्यात जास्त वेळ जातो.

हाताशी ठेवायचे कागद थोडेच : सोशल सिक्युरिटी नंबर, ग्रीन कार्ड असेल तर त्यावरचा ए-नंबर, त्या वर्षीचं रिटर्न, आणि अर्ज भरताना बँकेत व गुंतवणुकीत असलेली रक्कम. आयआरएसकडून (टॅक्स खात्याकडून) माहिती घेण्याची संमती अर्जातच मागतात. ती अर्जातल्या प्रत्येकाने द्यायचीच. एकाने जरी नाकारली तरी केंद्राची मदत मिळत नाही.

आता मालमत्तेचा प्रश्न. इथे आपल्याकडची मंडळी गोंधळतात. राहतं घर आणि ४०१ के सारखी निवृत्तीची खाती मोजत नाहीत. पण पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट मोजतात, आणि तिथल्या बँकेतल्या ठेवीही. ‘भारतातलं इथे कोण बघतंय’ हा सल्ला पार्टीत कुणी दिलाच तर ऐकू नका. अर्जावर सही करताना माहिती खरी असल्याची ग्वाही आपण देत असतो, आणि खोट्या माहितीला दंड व तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

या सगळ्यातून एसएआय नावाचा एक आकडा निघतो. तो जितका लहान, तितकी मदत जास्त; तो उणे १,५०० पर्यंतही जाऊ शकतो. पेल ग्रँट (केंद्राचं मुख्य अनुदान) याच आकड्यावर ठरते. २०२५-२६ मध्ये ती वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती. ती फेडावी लागत नाही. पूर्ण वेळ म्हणजे सत्राला १२ क्रेडिट. ९ घेतले तर पाऊण रक्कम. काउंटी कॉलेजची फी मुळात कमी, त्यामुळे पूर्ण पेल मिळणाऱ्याच्या हातात फी भागवून पुस्तकांना, प्रवासाला पैसे उरू शकतात. मात्र आयुष्यभरात बारा सत्रांइतकीच पेल मिळते, म्हणून उगाच विषय घेत-सोडत बसू नये. याशिवाय एसईओजी ही केंद्राची वर्षाला १०० ते ४,००० डॉलरची ग्रँट असते. तिचे पैसे कॉलेजकडे मोजकेच येतात, उशिरा येणाऱ्यांपर्यंत ते उरत नाहीत. वर्क-स्टडीचं, म्हणजे शिकताना अर्धवेळ काम करून पगार मिळवण्याच्या योजनेचंही तसंच. कर्जाचा पर्याय सगळ्यात शेवटी बघावा.

राज्याच्या मदतीत न्यूजर्सीचा हात बराच सैल आहे. कम्युनिटी कॉलेज ऑपॉर्च्युनिटी ग्रँटमध्ये कुटुंबाचं टॅक्स रिटर्नवरचं समायोजित उत्पन्न (एजीआय) ६५,००० डॉलरपर्यंत असेल, तर इतर ग्रँट वजा जाऊन उरलेली ट्यूशन आणि मंजूर फी राज्य भरतं. अटी अशा : सत्राला किमान ६ क्रेडिट, आधी कुठली कॉलेज पदवी नको, आणि फॅफ्सा भरलेला हवा. टॅग ही राज्याची दुसरी ग्रँट, तीही उत्पन्नावरच.

तिसरी योजना म्हणजे एनजे स्टार्स. जास्त पगाराच्या घरांनी ही नीट वाचावी, कारण इथे उत्पन्नाची अटच नाही. अकरावीच्या किंवा बारावीच्या अखेरीस वर्गातल्या पहिल्या १५ टक्क्यांत असलेल्या विद्यार्थ्याला आपल्याच काउंटीच्या कॉलेजात पाच सत्रांपर्यंत ट्यूशन माफ. पूर्ण वेळ शिकायचं आणि ३.० जीपीए (४ पैकी गुणांची सरासरी) राखायचा. पुस्तकं आणि इतर फी आपली आपण. यासाठीही फॅफ्सा लागतोच, आणि ‘आम्हाला काय मिळणार’ म्हणणारे नेमके इथे हुकतात. पुढे चार वर्षांच्या कॉलेजात बदली घेताना स्टार्स टू आहे, पण तिथे ३.२५ जीपीए आणि उत्पन्नाची कमाल मर्यादा येते.

राज्याच्या तारखा केंद्रापेक्षा फार आधी संपतात. केंद्राचा अर्ज शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत, म्हणजे ३० जूनपर्यंत चालतो. न्यूजर्सीत नव्या विद्यार्थ्यांना १५ सप्टेंबर आणि आधी टॅग घेतलेल्यांना १५ एप्रिल. तारीख हेसाच्या (राज्याच्या विद्यार्थी-मदत संस्थेच्या) संकेतस्थळावर दरवर्षी बघून घ्यावी.

कॅलिफोर्नियातल्या नातेवाइकांनी विचारलं तर थोडक्यात : तिथल्या कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला (क्रेडिटला) ४६ डॉलर फी. गरज सिद्ध झालेल्या रहिवाशाला ती कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँटने माफ होते. एच-४ वरचा मुलगाही वर्षभराच्या वास्तव्यानंतर फीपुरता रहिवासी ठरू शकतो, आणि परराज्यातल्यांचा भला मोठा दर वाचतो.

अर्ज गेल्यावर कॉलेज कधीकधी कागद तपासायला मागतं. त्या ईमेलला उत्तर न दिल्याने मदत अडकते, म्हणून मुलाच्या कॉलेजच्या इनबॉक्सवर लक्ष ठेवा. दोन वर्षांपूर्वीचं रिटर्न चांगलं दिसतंय, पण दरम्यान नोकरी गेली असेल, तर फायनान्शियल एड ऑफिसला पत्र, ले-ऑफची नोटीस आणि सध्याचं उत्पन्न दाखवून आकडा पुन्हा ठरवून मागता येतो. हे मागण्यात कमीपणा नाही, कायद्याने कॉलेजला तेवढा अधिकार दिलेला आहे.

मदत सुरू झाल्यावर साधारण २.० जीपीए आणि घेतलेल्या क्रेडिटपैकी दोन-तृतीयांश पूर्ण करणं बहुतेक कॉलेजांत लागतं. सत्राचा ६० टक्के काळ उलटण्याआधी सगळेच विषय सोडले, तर केंद्राच्या मदतीचा काही भाग परत जातो आणि त्याचं बिल विद्यार्थ्याच्या नावावर येऊ शकतं. म्हणून मध्येच कॉलेज सोडायची वेळ आली, तर रजिस्ट्रारकडे जाण्याआधी फायनान्शियल एड ऑफिसात जाऊन तारीख विचारून घ्या.